वर्तनाचा जैविक आधार : मेंदू, रसायने आणि माणूस

मानसशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या पाठ्यपुस्तकात ‘वर्तनाचा जैविक आधार’ हे प्रकरण अगदी सुरुवातीलाच येते. मोठा मेंदू, लहान मेंदू, मस्तिष्कस्तंभ, चेतापेशी, संप्रेरके, जनुके अशी नावे विद्यार्थी पाठ करतात, मेंदूची आकृती काढून भाग दाखवतात आणि परीक्षा संपली की त्यातील बरेचसे विसरूनही जातात. वास्तविक या प्रकरणाचा विषय पाठांतराचा नाही. माणूस बोलतो, आठवतो, घाबरतो, रागावतो, खचून जातो, तेव्हा प्रत्येक वेळी त्याच्या शरीरात काहीतरी घडत असते. ते नेमके काय आणि त्याचा वर्तनाशी संबंध कसा, हा या प्रकरणाचा खरा प्रश्न आहे. घरातील एखाद्याला नैराश्याने ग्रासले, वडीलधाऱ्यांची स्मृती ढळू लागली किंवा मुलाच्या वाढीत काही उणे दिसले की हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला जातो : हा स्वभावाचा दोष की शरीराचा आजार?

गेल्या पावणेदोनशे वर्षांतील संशोधनाने या प्रश्नाचे एक उत्तर निःसंशय दिले आहे. प्रत्येक वर्तनाला जैविक आधार असतो. मात्र ‘आधार’ याचा अर्थ ‘एकमेव कारण’ असा होत नाही. एका वर्तनासाठी मेंदूत एक जागा, एका भावनेसाठी एक रसायन आणि एका गुणासाठी एक जनुक, अशी सोपी मांडणी पुनःपुन्हा केली गेली आणि तिची किंमत अनेकदा रुग्णांना मोजावी लागली. त्यामुळे या शास्त्राचा इतिहास पाहताना काय सापडले याबरोबरच, सापडलेल्या गोष्टीचा अर्थ कसा लावला गेला, हेही पाहावे लागते.

इजा आणि आजारांचे धडे

मेंदूच्या कोणत्या भागाचे कार्य कोणते, याचे प्रारंभीचे ज्ञान बऱ्याच अंशी अपघात आणि आजार यांतून आले. अमेरिकेच्या व्हर्मांट राज्यातील कॅव्हेंडिश गावाजवळ १३ सप्टेंबर १८४८ रोजी लोहमार्गासाठी खडक फोडण्याचे काम चालू होते. कामगारांच्या टोळीचा पंचवीस वर्षांचा मुकादम फिनिअस गेज हा खडकातील छिद्रात सुरुंगाची दारू पहारीने ठासत असताना अकस्मात स्फोट झाला. सुमारे एक मीटर दहा सेंटिमीटर लांबीची, सहा किलो वजनाची ती लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालातून शिरली आणि माथ्यातून बाहेर पडली. गेज वाचला, इतकेच नव्हे तर काही मिनिटांतच बोलू लागला. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. जॉन हार्लो यांनी १८६८ मध्ये त्याचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. अपघातापूर्वी कार्यक्षम आणि समतोल असलेला हा तरुण नंतर लहरी आणि शिवराळ झाला, कोणत्याही बेतावर टिकेनासा झाला आणि परिचितांना तो पूर्वीचा गेज वाटेना, असे त्यांनी नोंदवले. त्याचे बोलणे-चालणे शाबूत होते. पालटला तो स्वभाव. निर्णय, संयम आणि सामाजिक भान यांचा मेंदूच्या अग्रखंडाशी संबंध आहे, या विचाराला या घटनेने मोठी चालना दिली.

पाठ्यपुस्तके बहुधा येथेच थांबतात. गेजचे आयुष्य मात्र येथे थांबले नाही. पुढे तो दक्षिण अमेरिकेतील चिली देशात गेला आणि तेथे अनेक वर्षे उतारूंची घोडागाडी हाकत राहिला. घोडे सांभाळणे, वेळ पाळणे, उतारूंशी नीट वागणे हे पूर्णपणे बेताल झालेल्या माणसाला झेपणारे काम नव्हे. नियमित कामाच्या शिस्तीमुळे तो बऱ्याच अंशी सावरला असावा, असे अलीकडच्या काही अभ्यासकांचे मत आहे. १८६० मध्ये अपस्माराच्या झटक्यांनी तो मरण पावला. त्याची कवटी आणि ती पहार हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात जतन केलेली आहेत.

दुसरा धडा पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातून आला. तेथे एकवीस वर्षे राहिलेल्या लबोर्न नावाच्या रुग्णाला समोरच्याचे बोलणे बहुतांशी समजत असे. पण कोणत्याही प्रश्नाला उत्तर म्हणून त्याच्या तोंडून ‘तां’ एवढेच अक्षर निघे. १८६१ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या अग्रखंडाच्या खालच्या बाजूस इजा आढळली. हा भाग पुढे ब्रोका यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. १८७४ मध्ये जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकारच्या रुग्णांचे वर्णन केले. हे रुग्ण अस्खलित बोलत, पण त्या बोलण्याला अर्थ नसे आणि इतरांचे बोलणेही त्यांना उमगत नसे. त्यांच्या मेंदूतील इजा डाव्या कानाच्या वर, मागील बाजूस होती. भाषा ही एका बिंदूत साठवलेली वस्तू नसून अनेक भाग आणि त्यांना जोडणारे तंतू यांच्या सहकार्यातून घडणारी क्रिया आहे, ही जाणीव येथून सुरू झाली.

घाईची किंमत

ही जाणीव सर्वत्र सारखी रुजली नाही. पोर्तुगालमधील चेतातज्ज्ञ एगास मोनिझ यांनी १९३५ मध्ये लिस्बन येथे तीव्र मनोविकारांवर एक नवी शस्त्रक्रिया सुरू केली. रुग्णाचे विकृत विचार मेंदूतील त्याच त्या जोडण्यांत अडकून पडलेले असतात, तेव्हा अग्रखंडाला इतर भागांशी जोडणारे तंतू तोडले की रुग्ण त्या विचारांतून सुटेल, असा त्यांचा तर्क होता. मनोरुग्णालये तुडुंब भरलेली होती आणि परिणामकारक औषधे उपलब्ध नव्हती, त्यामुळे हा उपाय झपाट्याने पसरला. मोनिझ यांना १९४९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिकही मिळाले. अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन यांनी १९४६ पासून डोळ्याच्या खोबणीतून अणकुचीदार हत्यार घालून काही मिनिटांत उरकता येणारी पद्धत रूढ केली. एकट्या अमेरिकेत अशा हजारो शस्त्रक्रिया झाल्या.

काही रुग्ण शांत झाले हे खरे. पण त्या शांततेबरोबर अनेकांची उमेद, कल्पकता आणि भावनांची धारही गेली. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची बहीण रोझमेरी हिच्यावर १९४१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, अशी शस्त्रक्रिया करण्यात आली. त्यानंतर तिचे चालणे-बोलणे मोठ्या प्रमाणात गेले आणि २००५ मध्ये मृत्यू येईपर्यंतचे तिचे आयुष्य बहुतांशी संस्थेच्या आश्रयाने गेले. १९५२ पासून क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरात येऊ लागल्यावर ही शस्त्रक्रिया हळूहळू मागे पडली. अग्रखंडाचा वर्तनाशी संबंध आहे, ही माहिती खरी होती. त्या खऱ्या माहितीवरून काढलेला निष्कर्ष उतावळा होता.

स्मृती एकसंध नाही

१९५३ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथे हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणावर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस हा भाग बराचसा काढून टाकला. झटके कमी झाले. पण त्यानंतर मोलेसनला कोणतीही नवी घटना लक्षात राहीना. थोड्या वेळापूर्वी भेटलेली व्यक्ती त्याला अनोळखी वाटे. जुन्या आठवणींपैकी बऱ्याच मात्र टिकून होत्या आणि बुद्धिमत्ताही कायम होती.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला एक साधे काम दिले. हात थेट न पाहता, आरशातील प्रतिबिंबाकडे बघून चांदणीची आकृती गिरवायची होती. आदल्या दिवशी हे काम केल्याचे त्याला मुळीच आठवत नसे, तरीही त्याच्या हाताचे कौशल्य दिवसेंदिवस सुधारत गेले. प्रसंगांची स्मृती आणि कौशल्याची स्मृती मेंदूत वेगवेगळ्या मार्गांनी जपल्या जातात, हे त्यातून स्पष्ट झाले. स्मृतिभ्रंश झालेल्या एखाद्या आजीला सकाळी काय जेवलो ते आठवत नाही, पण गव्हले वळताना तिची बोटे चुकत नाहीत, याचा उलगडा या भेदातून होऊ शकतो. संशोधनपर लेखनात केवळ आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या मोलेसनचे पूर्ण नाव २००८ मध्ये त्याच्या निधनानंतरच जगाला कळले. पन्नासहून अधिक वर्षे तो संशोधकांना सहकार्य करीत राहिला.

मेंदूच्या दोन गोलार्धांविषयीच्या संशोधनाचेही असेच सुलभीकरण झाले. तीव्र अपस्मारावरील उपाय म्हणून काही रुग्णांच्या दोन्ही गोलार्धांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा कापला जात असे. अशा रुग्णांचा अभ्यास रॉजर स्पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. डाव्या बाजूस क्षणभर दाखवलेल्या वस्तूचे नाव या रुग्णांना सांगता येत नसे, परंतु डाव्या हाताने तीच वस्तू ते चाचपून निवडू शकत. या संशोधनासाठी स्पेरी यांना १९८१ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. त्यावरून ‘डावा मेंदू हिशेबी, उजवा मेंदू कलावंत’ अशी समजूत लोकप्रिय झाली आणि मुलांची तशी वर्गवारीही होऊ लागली. गोलार्धांत कार्याची काही विभागणी आहे हे खरे. पण निरोगी माणसात दोन्ही गोलार्ध अखंड संपर्कात राहून काम करतात.

पेशींचा संवाद

मेंदूचे हे भाग ज्या चेतापेशींनी बनलेले आहेत, त्यांची संख्या प्रौढ माणसात सुमारे ८,६०० कोटी असते. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे दोन टक्के. पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीर खर्च करते त्या ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा तो वापरतो. या पेशी एकमेकींत मिसळून गेलेले अखंड जाळे असावे, असे इटलीचे कामिल्लो गोल्जी मानत. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी गोल्जी यांचीच रंजनपद्धती वापरून प्रत्येक पेशी स्वतंत्र असल्याचे दाखवले. परस्परविरोधी मतांच्या या दोघांना १९०६ चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

पेशी स्वतंत्र असतील तर संदेश एकीकडून दुसरीकडे जातो कसा? ऑस्ट्रियातील ओटो लेवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या दोन हृदयांवर प्रयोग केला. एका हृदयाची गती मंदावणारा मज्जातंतू उत्तेजित करून त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडताच तेही मंदावले. याचा अर्थ मज्जातंतूने एखादे रसायन स्रवले होते. हे रसायन पुढे अॅसिटिलकोलिन म्हणून निश्चित झाले. दोन पेशींमधील सूक्ष्म फट ओलांडून संदेश नेणाऱ्या अशा अनेक रसायनांचा त्यानंतर शोध लागला. डोपामिन आणि सेरोटोनिन ही त्यांपैकी आज सर्वपरिचित नावे होत.

सर्पगंधेपासून डोपामिनपर्यंत

या रसायनांच्या कथेत मुंबईचाही वाटा आहे. सर्पगंधा ही वनस्पती भारतीय वैद्यकात दीर्घकाळ वापरात होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा रक्तदाब व उन्माद यांवरील परिणाम नोंदवला. मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी संबंधित हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपला अनुभव १९४९ मध्ये ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. वकील यांना १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसर्पिन दिलेले प्राणी निश्चल होत. स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये अशा सशांना एल-डोपा हे द्रव्य दिले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. एल-डोपापासून शरीरात डोपामिन तयार होते. डोपामिन हे स्वतंत्र महत्त्वाचे चेतारसायन आहे आणि हालचालींच्या नियंत्रणात त्याचा वाटा आहे, हे या संशोधनातून पुढे आले. १९६० मध्ये व्हिएन्नात कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूतील विशिष्ट भागात डोपामिनची तीव्र कमतरता आढळली आणि त्यातून या आजारावरील आजही प्रमुख असलेला औषधोपचार उभा राहिला. कार्लसन २००० च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होते.

याच रेसर्पिनमुळे रक्तदाबाच्या काही रुग्णांना उदासीनता आल्याच्या नोंदी झाल्या. त्यावरून नैराश्य म्हणजे मेंदूतील विशिष्ट रसायनांची कमतरता, असे गृहीतक १९६० च्या दशकात मांडले गेले. ‘रासायनिक असंतुलन’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून घरोघरी पोहोचला. परंतु कंपवातात जे उत्तर चपखल बसले, ते नैराश्यात तसे बसले नाही. नैराश्यविरोधी औषधे पेशींमधील रसायनांचे प्रमाण काही तासांत बदलतात. त्यांचा गुण येण्यास मात्र बहुधा काही आठवडे लागतात. केवळ एका रसायनाच्या उणिवेने नैराश्य येते, असे मानण्यास पुरेसा आधार मिळालेला नाही. याचा अर्थ नैराश्य काल्पनिक आहे किंवा औषधे निरुपयोगी आहेत, असा मुळीच नव्हे. ही औषधे अनेक रुग्णांना उपयुक्त ठरतात आणि ती वैद्यकीय सल्ल्याशिवाय बंद करणे धोक्याचे असते. आजार खरा आहे, त्याचे सूत्र मात्र एका ओळीत मावणारे नाही.

जनुक आणि ताटातील अन्न

आनुवंशिकतेविषयीच्या समजुतींत नियतीची भावना सर्वाधिक डोकावते. ‘रक्तातच आहे’ असे म्हटले की पुढील प्रयत्न खुंटतात. ही समजूत किती अपुरी आहे, हे फेनिलकीटोन्युरिया या विकारावरून दिसते. १९३४ मध्ये नॉर्वेतील वैद्य आस्ब्यर्न फोलिंग यांच्याकडे एक माता आपली दोन मतिमंद अपत्ये घेऊन आली. मुलांच्या मूत्राच्या तपासणीतून फोलिंग यांनी हा विकार ओळखला. यात एका सदोष जनुकामुळे प्रथिनांतील फेनिलअॅलनिन या घटकाचे नीट विघटन होत नाही. तो साचतो आणि वाढत्या मेंदूला इजा करतो. उपचार न झाल्यास तीव्र बौद्धिक अपंगत्व येते.

१९५० च्या दशकात या घटकाचे प्रमाण कमी असलेला आहार देण्यास सुरुवात झाली. पुढील दशकात रॉबर्ट गथ्री यांच्या पद्धतीने नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून निदान करणे शक्य झाले. जन्मानंतर लगेच पथ्य सुरू केलेली मुले सर्वसाधारण बुद्धीची वाढू शकतात. जनुक तेच राहते. पण ताटातील अन्न बदलल्याने आयुष्य बदलते. हा विकार संपूर्णपणे आनुवंशिक आहे आणि त्याचा परिणाम टाळण्याचा मार्ग परिस्थितीत आहे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

बहुतेक मानसिक गुणधर्म आणि विकार तर याहून गुंतागुंतीचे असतात. छिन्नमनस्कतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. तरीही एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा विकार झाला, तर निम्म्या किंवा त्याहून अधिक वेळा दुसरे भावंड त्यापासून मुक्त राहते. या विकाराशी एक नव्हे, तर अनेक जनुकांचा अल्प-अल्प संबंध आढळतो. अमुक घराण्यात तो निश्चित उतरेल, असे सांगण्यास शास्त्राचा आधार नाही.

अनुभवाने घडणारा मेंदू

मेंदू वर्तन घडवतो, तसे वर्तनही मेंदू घडवते. लंडनमधील टॅक्सीचालकांना परवाना मिळवण्यासाठी शहरातील सुमारे २५ हजार रस्ते पाठ करावे लागतात. एलेनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले, की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागील भाग इतरांपेक्षा मोठा असतो. मोठा हिप्पोकॅम्पस असलेलेच या व्यवसायात येत असतील, ही शंका उरली होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उमेदवारांची प्रशिक्षणापूर्वी आणि नंतर तपासणी करण्यात आली. परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांत हा भाग वाढल्याचे दिसले, अनुत्तीर्णांत तसे दिसले नाही. पक्षाघातानंतर नियमित व्यायामाने हालचाल काही प्रमाणात परत येते, त्यामागेही मेंदूची हीच घडणशीलता असते.

मेंदूच्या रंगीत प्रतिमांनी आज या शास्त्राला वृत्तपत्रांच्या पानांवर आणले आहे. ‘प्रेमाचे केंद्र सापडले’ अशा मथळ्यांकडे मात्र सावधपणे पाहावयास हवे. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एका मृत सामन माशाला यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’ आणि आकडेवारीतील आवश्यक दुरुस्ती न केल्यास मृत माशाच्या मेंदूतही ‘क्रियाशीलता’ दिसते, हे २००९ मध्ये मांडले. यंत्र निरुपयोगी आहे, असे त्यांना सुचवायचे नव्हते. प्रतिमेमागील गणित तपासल्याखेरीज तिच्यावर विसंबू नये, एवढाच त्याचा आशय होता.

कायदा आणि कुटुंब

या इतिहासाचे पडसाद कायद्यातही उमटले आहेत. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार मानसिक आजारावरील उपचार म्हणून मेंदूची शस्त्रक्रिया करायची असेल, तर रुग्णाची स्वतःची माहितीपूर्ण संमती आणि संबंधित मंडळाची मंजुरी या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. भूल आणि स्नायू शिथिल करणारी औषधे न देता विद्युत्-उपचार करण्यास या कायद्याने मनाई केली आहे. केवळ ‘मेंदूत बिघाड आहे’ या सबबीवर माणसाचा शब्द डावलता येत नाही, हे तत्त्व त्यामागे आहे.

कुटुंबाच्या पातळीवरही याच तत्त्वाची गरज भासते. नैराश्याच्या रुग्णाला ‘मन घट्ट कर’ असे सांगणारे त्याच्या आजाराचा जैविक आधार नाकारतात, तर ‘मेंदूचाच दोष, आता काय होणार’ असे म्हणणारे आधारालाच नियती समजतात. प्रत्यक्षात औषध, समुपदेशन, झोप, काम आणि माणसांची सोबत हे सारे अखेर त्याच मेंदूपर्यंत पोहोचणारे मार्ग आहेत. कोणत्या रुग्णाला त्यांपैकी काय आणि किती लागेल, हे तज्ज्ञांनी त्याला तपासून आणि त्याचे म्हणणे ऐकून घेऊन ठरवायचे असते.